गुप्तहेर आणि उघड पुरावा

मराठीत ‘गुप्तहेर’ हा शब्द आपण दोन अगदी निराळ्या माणसांसाठी वापरतो. शत्रूच्या मुलखात वेषांतर करून शिरणारा आणि तेथील फौजफाट्याची, रसदेची व मसलतीची बातमी धन्याला आणून देणारा तो एक. शिवछत्रपतींच्या पदरचे बहिर्जी नाईक हे या वर्गातले. खून, दरोडा किंवा अफरातफर घडून गेल्यावर मागे उरलेल्या खुणांवरून अपराध्यापर्यंत जाऊन पोहोचणारा तो दुसरा. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजय यांनी मराठी वाचकांच्या दोनतीन पिढ्यांना ज्याचे वेड लावले, तो या दुसऱ्या वर्गातला. इंग्रजीत पहिल्याला ‘स्पाय’ आणि दुसऱ्याला ‘डिटेक्टिव्ह’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. आपल्या भाषेने दोघांनाही एकाच अंगरख्यात गुंडाळले, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या कामाविषयी आपल्या मनात एक घोटाळा कायमचा होऊन बसला आहे.

घोटाळा असा, की या दुसऱ्याचे कामही मुळात गुप्तच असते असे आपण धरून चालतो. वस्तुतः ते त्याच्या नेमके उलट आहे. ‘डिटेक्ट’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे, आणि त्याचा अर्थ वरचे आच्छादन काढणे, उघडे करणे असा आहे. हेराचे काम धन्याच्या कानाशी संपते. बातमी खरी निघाली म्हणजे झाले, ती त्याने कशी मिळविली हे कोणी विचारीत नाही. डिटेक्टिव्हाला मात्र ‘तुला हे कशावरून कळले?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते, आणि तेही भर न्यायालयात, आरोपीच्या समक्ष आणि त्याच्या वकिलाच्या उलटतपासणीला तोंड देऊन. त्याला सत्य गवसले, पण ते दुसऱ्याला दाखविता आले नाही, तर त्याचे काम झालेच नाही. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये व्योमकेश बक्षी हे पात्र निर्माण केले, तेव्हा त्याने ‘गोयेंदा’ हे बिरुद नाकारून स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवून घेतले. त्या नकारात आम्हांला बराच अर्थ दिसतो.

प्रस्तुत लेखात आम्हांला या दुसऱ्या माणसाचा इतिहास पाहावयाचा आहे, आणि तो पाहताना एका गोष्टीवर विशेष नजर ठेवावयाची आहे. गुन्ह्याचा शोध घेण्याचे मार्ग प्राचीन काळापासून दोनच आहेत. एक, संशयिताच्या तोंडून गुन्हा वदवून घेणे. दुसरा, जेथे गुन्हा घडला तेथील वस्तूंना बोलते करणे. पहिला मार्ग सोपा आणि जवळचा. दुसरा लांबचा आणि उन्हातान्हाचा. खरा डिटेक्टिव्ह जन्माला येतो तो या दुसऱ्या मार्गावर. आणि आपल्याच देशात, कलकत्त्याच्या एका सरकारी कचेरीत, या मार्गावरचे एक फार मोठे पाऊल पडले आहे.

हे दोन्ही मार्ग कौटिलीय अर्थशास्त्रात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. १९०९ मध्ये म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी तो ग्रंथ उजेडात आणला, आणि पुढे १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हेरांचे नाना प्रकार सांगणारा पहिल्या अधिकरणातला भाग सर्वश्रुत आहे. कापटिक, उदास्थित, तापस, भिक्षुकी अशी ती सारी मंडळी राजाचे डोळे आणि कान आहेत. पण आपल्या विषयाचा खरा भाग चौथ्या, ‘कण्टकशोधन’ नावाच्या अधिकरणात आहे. घरफोडी झाली तर भिंतीचे भोक कसे पाडले आहे ते पाहून काम आतल्या माणसाचे, बाहेरच्याचे की दोघांच्या संगनमताचे हे ठरवावे, असे तेथे सांगितले आहे. लगेच पुढच्या अध्यायात अकस्मात मेलेल्या माणसाच्या प्रेताची परीक्षा येते: प्रेताला तेल लावून ते पाहावे, गळा दाबल्याची, बुडाल्याची, विषप्रयोगाची लक्षणे कोणती ते ओळखावे. आजच्या पंचनाम्याचे आणि शवपरीक्षेचे हे पूर्वरूपच होय.

आणि त्याच्याही पुढच्या अध्यायाचा विषय आहे ‘वाक्यकर्मानुयोग’, म्हणजे शब्दांनी आणि यातनांनी करावयाची चौकशी. यातना कोणाला द्याव्यात आणि कोणाला देऊ नयेत, याचे नियम तेथे आहेत. पण ते देता देता ग्रंथकार मध्येच माण्डव्याचे उदाहरण देतो. हा माण्डव्य चोर नव्हता. तरी यातनांच्या भीतीने त्याने ‘मी चोर आहे’ असे म्हटले. म्हणून केवळ कबुलीवर विसंबू नये, प्रमाण पूर्ण झाल्यावरच शिक्षा करावी, असा निष्कर्ष तो काढतो. यातनेची तरतूद करणाऱ्या शास्त्रकारालाच यातनेने निघालेल्या शब्दाचा भरवसा वाटू नये, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढच्या अनेक शतकांचा झगडा या एका उदाहरणात सामावलेला आहे.

आपल्या गावगाड्यातही वस्तूंची साक्ष काढणारे लोक होते. त्यांना कोणी शास्त्री म्हटले नाही, कारण त्यांची विद्या पोथीत नव्हती, पायाखालच्या धुळीत होती. पेशवाईनंतरच्या दख्खनचा अहवाल एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये लिहिला. त्यात गावच्या जागल्याची जबाबदारी सांगितली आहे. गावात चोरी झाली की चोराचा माग काढावयाचा तो त्याने, बहुधा रामोशाने किंवा भिल्लाने. माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन पोहोचविला की जबाबदारी त्या गावावर जाई. तेथल्या जागल्याने तो पुढे न्यावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे. गुजरातेत आणि कच्छात हेच काम करणाऱ्यांना पगी म्हणत. पाऊल ओळखणारा तो पगी. गुन्ह्याच्या तपासाला आपण आजही ‘माग काढणे’ म्हणतो, ‘छडा लावणे’ म्हणतो. त्यांतला पहिला शब्दप्रयोग या लोकांनी आपल्याला दिलेला आहे. त्यांच्या कामात एक मोठा गुण होता. माग दोन्ही गावांच्या लोकांदेखत काढला जाई. शिवेवर उभ्या असलेल्या कोणालाही तो डोळ्यांनी पाहता येई. पण जेथे जमीन खडकाळ लागली, पाऊस पडला किंवा माग बाजाराच्या गर्दीत शिरला, तेथे ती विद्या थांबे. मग उरे ते दिव्य किंवा दंडा. वतनाच्या तंट्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, त्याला रवा काढणे म्हणत; मग हात पिशवीत बांधून मोहरबंद करावयाचे आणि नंतर सोडून फोड आले आहेत की नाहीत ते पाहावयाचे. सत्य हातावर उमटते ही कल्पना अशी जुनीच आहे. ते कशाने उमटते, एवढाच काय तो पुढच्या काळाचा शोध.

युरोपातही पगारी डिटेक्टिव्ह ही संस्था फार जुनी नाही. लंडनच्या बो स्ट्रीटवरील न्यायाधीश हेन्री फील्डिंग यांनी १७४९ च्या सुमारास चोर पकडणाऱ्यांची एक लहानशी तुकडी उभारली. पॅरिसमध्ये १८१२ साली व्हिदोक नावाच्या, पूर्वी स्वतः तुरुंग भोगलेल्या माणसाच्या हाती ‘सूरते’ या पोलीसशाखेची सूत्रे आली. गुन्हेगारांची ओळख हेच त्याचे भांडवल होते. लंडनचे नवे पोलीसदल १८२९ मध्ये निघाले, पण त्यात साध्या वेषातील तपासनीसांची शाखा यावयाला १८४२ साल उजाडले. साध्या वेषातला सरकारी माणूस म्हणजे नागरिकांवर पाळत ठेवणारा हेर, अशी तेथील लोकांना धास्ती होती. हेर आणि डिटेक्टिव्ह यांची गल्लत आपण भाषेत केली. इंग्रजांनी ती भीतीपोटी केली, एवढाच फरक. आपल्याकडे कलकत्त्यात १८६८ साली ॲमहर्स्ट स्ट्रीटवर एका स्त्रीचा खून झाला, शहरात खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी पोलीस आयुक्त स्टुअर्ट हॉग यांनी स्वतंत्र डिटेक्टिव्ह खाते स्थापिले. पुढे त्याच खात्यातील प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी आपल्या अनुभवांवर ‘दारोगार दप्तर’ ही मालिका १८९२ पासून लिहिली. बंगाली रहस्यकथेचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

परंतु हिंदुस्थानातील कंपनी सरकारच्या तपासाचा खरा भर होता तो माणसांच्या बोलण्यावर. ठगांच्या बंदोबस्ताची कथा आपण जबलपूर आणि नरसिंहपूर या गावांच्या नावांशी जोडतो. स्लीमनने १८३० च्या आगेमागे ती मोहीम चालविली ती मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या बळावर. एक ठग पकडावयाचा, त्याला जीवदानाचे आश्वासन द्यावयाचे, आणि त्याच्या तोंडून दहांची नावे काढावयाची. त्या दहांतून पुन्हा काही माफीचे साक्षीदार करावयाचे. या जबान्यांवरून स्लीमनने टोळ्यांच्या वंशावळी आणि नकाशे तयार केले. सांगितल्या जागी पुरलेली प्रेते पुष्कळदा सापडली, हेही खरे. पण १८३६ च्या कायद्याने नुसते ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा अपराध ठरला, आणि कोण टोळीत होता हे सांगणारा बहुधा तो माफीचा साक्षीदारच. ज्याचे स्वतःचे जगणे दुसऱ्याचे नाव घेण्यावर अवलंबून आहे, त्याने घेतलेले प्रत्येक नाव खरे असेल काय? या प्रश्नाने इतिहासकारांना आजवर स्वस्थता लाभू दिलेली नाही.

गावोगावच्या ठाण्यांत तर याहून वाईट प्रकार चालत. मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. सारावसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी रयतेचा छळ होतो, ही गोष्ट त्याने सरकारी कागदावर आणली. त्यानंतरच्या कायद्यांनी पोलिसांपुढील कबुलीला न्यायालयाचे दार बंद केले, आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पंचविसाव्या व सव्विसाव्या कलमांनी तो नियम पक्का झाला. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेला चालावयाचा असेल तर तो दंडाधिकाऱ्याच्या समक्ष असला पाहिजे. सत्ताविसाव्या कलमाने एक फट मात्र ठेवली: आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढ्यापुरते सांगणे ग्राह्य धरावे. कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे एका हिंदुस्थानी नोकरीतील अधिकाऱ्याचे बोल नमूद केले आहेत. त्यांचा आशय असा, की उन्हात पुरावा हुडकीत फिरण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरपूड घालणे पुष्कळ आरामाचे असते. छळाचे मूळ क्रौर्यात असते असे आपण समजतो. ते आळसातही असते, हे त्या अधिकाऱ्याने नकळत सांगून टाकले.

आमच्या मते हिंदी डिटेक्टिव्हाचा खरा जन्म या कलमांत आहे. राज्यकर्त्यांनीच आपल्या पोलिसांच्या शब्दावर अविश्वास दाखविला, म्हणून पोलिसांना वस्तूंकडे वळणे भाग पडले. हा अविश्वास अपमानकारक वाटेल. पण तो फलदायी ठरला. कारण याच काळात बंगालमध्ये हाताच्या ठशांचा विचार चालू होता.

विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये जंगीपूर येथे राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला, आणि कागदाच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की पुढे त्याने ‘ही सही माझी नव्हे’ म्हणू नये. हर्शेलला त्या रेषांचा छंदच लागला. वर्षानुवर्षे ठसे घेऊन त्याने पाहिले, तर त्या बदलत नाहीत असे त्याला आढळले. १८७७ मध्ये हुगळीला दंडाधिकारी असताना निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे, दस्तऐवज नोंदविणाऱ्यांचे आणि कैद्यांचे ठसे घेण्यास त्याने आरंभ केला. हेन्री फॉल्ड्स यांनी १८८० मध्ये गुन्ह्याच्या जागी उमटलेल्या ठशांच्या उपयोगाची कल्पना प्रसिद्ध केली, आणि १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी अर्जेंटिनात एका मातेने आपल्या दोन मुलांचा खून करून आळ शेजाऱ्यावर घातला होता, तो दारावरील रक्ताळलेल्या ठशाने दूर झाला. शेजाऱ्याकडून कबुली काढण्यासाठी तत्पूर्वी त्याचा छळ झाला होता, आणि तरीही त्याने गुन्हा कबूल केला नव्हता.

पण एक अडचण उरली होती. ठसा जुळतो की नाही हे दोन कागद समोर ठेवून सांगता येते. पण हजारो कागदांतून नेमका दुसरा कागद काढावयाचा कसा? नाव, गाव, वय हे सारे अपराधी खोटे सांगतो. ठशांनाच अशी काही वर्णमाला हवी होती, की जिच्या क्रमाने ते कपाटात लावता यावेत. एडवर्ड हेन्री १८९१ मध्ये बंगाल पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल झाले. प्रथम त्यांनी फ्रेंच बर्तियाँची शरीरमापनाची पद्धती वापरली. पण मापे घेणाऱ्याचा हात जरा हलला की माप चुके. तेव्हा त्यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे काम आपल्या दोन तरुण सबइन्स्पेक्टरांवर सोपविले. काझी अझीझुल हक हे खुलना भागातले, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले. दुसरे हेमचंद्र बोस.

या दोघांनी काढलेली युक्ती ऐकावयास सोपी आहे. सुचावयास किती कठीण असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. ज्या बोटावर रेषांचे चक्र आहे त्याला, ते कोणत्या जोडीत आहे त्याप्रमाणे, १६, ८, ४, २ किंवा १ असे मूल्य दिले. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील एका बोटाची मूल्ये मिळवून अंश आणि दुसऱ्याची मिळवून छेद करावयाचा, आणि दोहोंत एकेक मिळवावयाचा. अंश १ ते ३२ पर्यंत जातो, छेदही १ ते ३२ पर्यंत. बत्तीसांला बत्तीसांनी गुणिले की १,०२४ खण होतात. कोणाही माणसाची दहा बोटे शाईत बुडवून कागदावर उठविली की त्याचा अपूर्णांक ठरतो, आणि तो कोणत्या खणात जाणार हे त्याच क्षणी कळते. नाव खोटे सांगता येते, अपूर्णांक खोटा सांगता येत नाही. हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या समितीने ही पद्धती तपासली, १८९७ च्या जूनमध्ये तिला मान्यता मिळाली, आणि कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये ठशांची कचेरी सुरू झाली. अशी कचेरी जगात पूर्वी झालेली नव्हती असे मानले जाते. ज्या अंगठ्याची आपल्या भाषेने ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून टवाळी केली, तोच आता राजमान्य सहीपेक्षा अधिक विश्वासू ठरला.

या कचेरीची कसोटी पुढच्याच वर्षी लागली. भूतानच्या सीमेजवळील जलपाईगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याचा व्यवस्थापक बिछान्यावर गळा चिरलेला आढळला. त्याची तिजोरी आणि कागदपत्रांची पेटी फोडलेली होती. संशय घ्यावयास माणसांचा तुटवडा नव्हता. मळ्यावरचे मजूर होते, कारण मालक कडक होता. स्वयंपाकी होता, त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते, आणि ते जेवणासाठी मारलेल्या कबुतराचे आहेत असे तो सांगत होता. एका स्त्रीचे नातलग होते. मृताचे तिच्याशी संबंध असल्याने ते चिडलेले. जवळपास काबुली लोकांची एक टोळीही येऊन गेली होती. जुन्या पद्धतीचा ठाणेदार असता तर यांपैकी कोणाच्या तरी पाठीवर काठी पडली असती, आणि कोणीतरी माण्डव्याप्रमाणे ‘होय, मीच’ म्हणालाही असता. बहुधा तो स्वयंपाकी.

तसे झाले नाही. फोडलेल्या पेटीत निळ्या वेष्टनाचे एक बंगाली पंचांग सापडले. वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली त्यांतल्या एकात उजव्या अंगठ्याच्या रेषा दिसल्या. चौकशीत असेही निघाले, की कांगालीचरण नावाच्या एका जुन्या नोकराला मालकाच्याच फिर्यादीवरून चोरीसाठी शिक्षा झाली होती, आणि तो सुटून आलेला होता. शिक्षा झालेला असल्याने त्याचे ठसे कलकत्त्याच्या खणात होते. ते काढून पाहिले, तर पंचांगावरचा अंगठा त्याचाच निघाला. शेकडो मैल दूर बीरभूम जिल्ह्यात त्याला पकडले, पुन्हा ठसा घेतला, आणि पुन्हा तो जुळला.

या खटल्याचा निकाल मात्र आम्हांला ठशाहूनही बोधप्रद वाटतो. न्यायालयाने कांगालीचरणाला चोरीबद्दल दोषी ठरविले आणि खुनाच्या आरोपातून सोडून दिले. पंचांगावरचा अंगठा एवढेच सांगत होता, की रक्त सांडल्यावर या माणसाचा हात त्या पेटीत गेला. सुरी त्याच हाताने चालविली, हे तो सांगत नव्हता. खून करताना त्याला कोणी पाहिलेले नव्हते. कलकत्त्याच्या वरिष्ठ न्यायालयानेही चोरीची शिक्षा कायम ठेवली. रहस्यकथेच्या वाचकाला हा शेवट पचणार नाही. पण वस्तूच्या साक्षीचे मोठेपण यातच आहे. ती जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलते. मारहाणीने काढलेली कबुली मात्र विचारणाऱ्याला हवे असेल तेवढे बोलते, आणि कधी त्याहूनही अधिक.

हेन्री यांचा ग्रंथ १९०० मध्ये निघाला. १९०१ मध्ये ते लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले आणि तेथे ठशांची शाखा सुरू झाली. कलकत्त्याची विद्या लंडनने घेतली, आणि तेथून ती जगभर पसरली ती ‘हेन्री पद्धती’ या नावाने. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची नावे त्या नावात नव्हती. पुढे एकाला खान बहादुर, दुसऱ्याला राय बहादुर अशा पदव्या आणि प्रत्येकी ५,००० रुपये मानधन मिळाले. १९२६ मध्ये स्वतः हेन्री यांनीच एका पत्रात, आपल्या हाताखालच्यांपैकी हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता असे कबूल केले. हक १९३५ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे वारले. जगातील लक्षावधी माणसांची ओळख ज्यांनी पक्की करून दिली, त्यांची स्वतःची ओळख कागदावर यावयास एवढा काळ लागावा, हा दैवदुर्विलासच. अलीकडे इंग्लंडमधील ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने या दोघांच्या नावे पारितोषिक ठेवले आहे.

या विद्येची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशावरून माणूस शोधणे निराळे, आणि माणूस अमुक जमातीत जन्मला म्हणून त्याचा ठसा आधीच घेऊन ठेवणे निराळे. १८७१ च्या आणि त्यानंतर १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी हे दुसरे काम केले. नोंदलेल्या जमातींतील माणसांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार १९११ च्या कायद्याने सरकारला दिला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुंपणाआड राहून हजेरी देणाऱ्या कुटुंबांनी काय भोगले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याने कपाळी मारलेला शिक्का अद्याप पुरता पुसला गेलेला नाही. येथे डिटेक्टिव्ह पुन्हा हेर झाला. गुन्हा घडण्यापूर्वीच ज्याने गुन्हेगार ठरविला, त्याला शोधावयाचे असे काही उरतच नाही.

आणि वस्तूची साक्ष वाचणाराही शेवटी माणूसच असतो. २००४ मध्ये माद्रिदच्या आगगाड्यांत बाँबस्फोट झाले, तेव्हा अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने एका पिशवीवरील ठसा आपल्या देशातील एका वकिलाचा म्हणून ठरविला आणि त्याला अटक केली. स्पेनच्या पोलिसांनी खरा माणूस दुसराच असल्याचे दाखविल्यावर त्याची सुटका झाली. ठसा खोटे बोलला नव्हता. वाचणाऱ्यांनी तो घाईने वाचला होता. पण चूक सापडली ती कशामुळे? तो ठसा दुसऱ्या कोणालाही पाहता येत होता म्हणून. बंद खोलीत काढलेल्या कबुलीची अशी फेरतपासणी होऊ शकत नाही.

या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग इंग्लंडमधील लेस्टरजवळचा आहे. तेथे १९८३ आणि १९८६ मध्ये दोन मुलींचे खून झाले. दुसऱ्या खुनाची कबुली सतरा वर्षांच्या एका मुलाने पोलिसांपुढे दिली. पहिलाही त्यानेच केला असावा असे वाटल्यावरून लेस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीज यांच्या नव्या डीएनए चाचणीचा आधार घेण्यात आला. चाचणीने सांगितले, की दोन्ही खून एकाच माणसाने केले आहेत, आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. खरा अपराधी पुढे सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. आधुनिक शास्त्राचे हे नवे अस्त्र खुनाच्या तपासात प्रथम चालले ते एका निरपराध्याला त्याच्या स्वतःच्या कबुलीपासून सोडविण्यासाठी! अर्थशास्त्रातला माण्डव्य दोन सहस्र वर्षांनी इंग्लंडमध्ये पुन्हा उभा राहिला होता. या वेळी त्याच्या बाजूने बोलावयास साक्षीदार मिळाला.

डिटेक्टिव्ह म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तो रात्री अंधारात काळा अंगरखा घालून फिरणारा नव्हे. त्याचा बहुतेक दिवस कंटाळवाण्या कामात जातो. जागा जशीच्या तशी राखावयाची, पंचांदेखत पंचनामा करावयाचा, मुद्देमालाच्या प्रत्येक जिन्नसावर मोहर करून तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद ठेवावयाची, जबान्या घ्यावयाच्या आणि त्या एकमेकींशी ताडून पाहावयाच्या. ज्यांच्यावर संशय आहे त्यांना एकेक करून वगळीत जाणे हे त्याचे अर्धे काम आहे, आणि त्याबद्दल त्याला शाबासकी कधीच मिळत नाही. चहामळ्याचा स्वयंपाकी निर्दोष सुटला, याची कथा कोणी लिहीत नाही.

१८७२ च्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पोलिसांपुढील कबुलीविषयीचा तो जुना अविश्वास नव्या कायद्याच्या तेविसाव्या कलमात कायम आहे, आणि वस्तू सापडल्याची ती जुनी फटही. मधल्या काळात औषध टोचून, यंत्र लावून माणसाच्या मनातले काढून घेण्याचे नवे प्रकार निघाले. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते संमतीवाचून करण्यास मनाई केली. मिरपुडीची जागा सुईने घेतली तरी मार्ग तोच, हे न्यायालयाने ओळखले. कायदा आपले काम दीडशे वर्षे करीत आला आहे. कोठडीतील मारहाणीच्या बातम्या तरीही थांबत नाहीत, याचे कारण कायद्यात नसून आपल्यात आहे. मोठा गुन्हा घडला की आपण समाज म्हणून पोलिसांकडे मागतो ते नाव. पुरावा मागावयास आपल्याला धीर नसतो. ‘चौदावे रत्न दाखविले की पोपटासारखा बोलेल’ असे आपण घरात बसून सहज म्हणतो. तो पोपटासारखाच बोलेल, यात शंका नाही. पोपट शिकविलेले बोलतो.